माजी सरपंच आणि माजी विश्कोंद

आमच्या तालुक्यात पद जात नाही. माणूस एकदा सरपंच झाला की मरेपर्यंत सरपंच, आणि त्याची बायको त्याच्यानंतरही सरपंचीणबाई. पाच वर्षांची मुदत सरकारदरबारी संपते, गावात संपत नाही. माजी उपसभापती, माजी तंटामुक्ती अध्यक्ष, माजी संचालक हे सगळे लग्नाच्या मांडवात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या धरून बसतात, आणि जे आज पदावर आहेत ते मागे उभे राहतात. माणसांचं सोडा, आमच्याकडे तलावसुद्धा माजी आहेत. जुन्या मालगुजारांनी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, बांधलेल्या तलावांना सरकारी कागदात आजही ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. मालगुजारी गेली, मालगुजार गेले, पाणी तेवढं माजी होऊन राहिलं आणि त्याच्यावर आमचा धान पिकतो.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत ऐकली की पुण्यामुंबईचे लोक विचारतात, अहो, असं कसं कुणाला कळलं नाही? कळलं होतं हो. मी स्वतः सांगितलं होतं. पण माझं ऐकतो कोण?

माझा मोठा भाऊ माजी सरपंच. एकच मुदत, तीसुद्धा मी नवा नवा चित्रकलेचा मास्तर झालो त्या सुमाराची. आता मी रिटायर होऊन घरी बसलो, तरी त्याची सरपंचकी चालूच आहे. माइकवर त्याचं नाव पुकारलं की तो उठलाच म्हणून समजा. मयतीच्या शोकसभेतही ‘माजी सरपंच दोन शब्द बोलतील’ असं कानावर आलं की ह्याचा हात आधी सदऱ्याच्या गुंड्यांकडे जातो. त्याला मूलबाळ नाही. माझी एकच पोरगी, ती त्याच्या सायकलच्या दांड्यावर वाढली. शाळेत पोचवणं त्याचं, ताप आला तर दवाखाना त्याचा, प्रगतिपत्रकावर सहीसुद्धा त्याची. त्याच शाळेत मी मास्तर, पण सही भाऊ करायचा. आमच्या घरात पोरगी माझी आणि हुकूम त्याचा, असा कारभार.

पोरगी फिजिओथेरपी शिकली आणि नोकरीला गोव्यात गेली. तिथे एका म्हाताऱ्या बाईंच्या गुडघ्याला व्यायाम द्यायला ती त्यांच्या घरी जायची. बाई लग्न न केलेल्या, शाळेतून निवृत्त, आणि घरात आईबाप नसलेला एक भाचा, त्यांनीच वाढवलेला. गुडघा किती सुधारला ते देवाला ठाऊक, पण भाच्याचं आणि आमच्या पोरीचं जुळलं. पोरीनं आईला फोन केला, आईनं मला सांगितलं, आणि भावाला सांगायची वेळ आली तेव्हा दोघी मुक्या झाल्या. मग मीच गेलो.

भाऊ अंगणात दोरी वळत बसला होता.

“कोन पोट्टा?”

“गोव्याचा.”

“कोनाचा?”

“ख्रिस्ती आहे.”

“वावर?”

“वावर नाही. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.”

“म्हनजे पान्यावर पोट. पान्याले ना बांधाचा धुरा, ना धानाची बांधी. भांडन झालं तर मोजनार काय?” असं म्हणून त्यानं दोरीला पीळ दिला. “माझ्या जित्तेपनी हे होनार नाई. सांगून दे तिले.”

मी सांगून दिलं. पोरगी म्हणाली, “ठीक आहे बाबा. मोठ्या बाबांनी स्वतः माझा हात त्याच्या हातात दिल्याशिवाय मी लग्न करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाशी करणार नाही. हेही त्यांना सांगून द्या.” तिच्या आवाजात रडणं नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली. ती आणि तिचे मोठे बाबा, म्हणजे माझा भाऊ, दोघं एकाच मातीचे. एक म्हणतो देणार नाही, दुसरी म्हणते तुमच्याच हातून घेईन. अशानं माझी पोरगी तशीच बसून राहील ह्या विचारानं मला जेवण जाईना. बायको तर आल्यागेल्याला चहा द्यायचंही विसरायला लागली.

तिढा सुटला तो एका फोटोनं. पोरीनं आईला दाखवायला म्हणून त्या घराचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. जुनं, लांबट घर, पुढे ओसरी, आणि दाराच्या वर भिंतीत बसवलेला एक कोरीव दगड. भावानं बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा लावला, काढला, परत लावला.

“हे काय होय गा?”

मला माहीत नव्हतं. पोराला व्हिडिओ कॉल लावला. पोरगा सभ्य, मराठी जपून जपून बोलणारा. त्यानं सांगितलं की ती त्यांच्या घराण्याची ढाल. त्याच्या खापरपणजोबांना पोर्तुगालच्या राजानं ‘विश्कोंद’ हा किताब दिला होता, आणि किताबाबरोबर ही ढाल लावायचा हक्क.

“किताब म्हनजे राजा?” भाऊ म्हणाला.

“नाही नाही, राजा सगळ्यांत वर. त्याच्या खाली ड्यूक, मग मार्क्विस, मग काउंट, मग विश्कोंद, आणि शेवटी बॅरन.”

भावानं डोळे मिटून मनात हिशेब जुळवला. “म्हनजे जिल्हा परिषद अध्यक्षाच्या खाली, पन पंचायत समिती सभापतीच्या वर.”

पोरगा म्हणाला, “हो, साधारण तसंच.” तेव्हाच मला तो आवडला.

मग त्यानं ढालीची फोड करून सांगितली, आणि खरं सांगतो, मी सगळं विसरून ऐकत बसलो. ढालीचे चार भाग. दोन भागांत बुरूज, दोन भागांत मागच्या पायांवर उभा असलेला सिंह. ढालीवर लोखंडी टोप, त्याच्या दोन्ही बाजूंनी पानांसारखी उतरलेली वेलबुट्टी, वर मुकुट. मुकुटावरच्या मोत्यांवरून दर्जा ओळखायचा, त्यामुळे मोती मनाला येतील तेवढे काढता येत नाहीत. आणि रंगांचा एक नियम. पिवळा म्हणजे सोनं आणि पांढरा म्हणजे चांदी, हे दोन एका पंगतीत. लाल, निळा, हिरवा, काळा दुसऱ्या पंगतीत. एका पंगतीतला त्याच पंगतीतल्यावर बसवायचा नाही. लालावर निळा नाही, पांढऱ्यावर पिवळा नाही. का, तर लढाईच्या धुळीत ढाल लांबून ओळखू आली पाहिजे.

अहो, मी जन्मभर दुसरं काय सांगत आलो? निळ्या पाटीवर लाल अक्षरं काढू नका, एसटीच्या खिडकीतून वाचता येत नाहीत, हे सांगून सांगून माझा घसा बसला. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावातल्या एका दुकानदारानं माझं ऐकलं असेल तर शपथ. आणि इथे सातासमुद्रापलीकडच्या राजांनी त्याचा कायदा करून ठेवला होता. मला इतका आनंद झाला की मी पोराला “वा रे वा” म्हणालो, आणि बायकोनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

एक गोष्ट तेवढी खटकली. घराण्याची पूर्ण ढाल थोरल्याची. धाकट्याला तीच लावायची असेल तर कोपऱ्यात एक लहानशी खूण टाकावी लागते, पाहणाऱ्याला कळावं म्हणून. भावानं हे ऐकून माझ्याकडे पाहिलं आणि मिशीत हसला. म्हणजे धाकटा तो धाकटाच, पोर्तुगालातसुद्धा.

शेवटी पोरगा म्हणाला, “पण काका, एक सांगतो. हा किताब दोन पिढ्यांचाच होता. बहुतेकांना तसाच मिळायचा, बापाला आणि मुलाला. तिसऱ्याला हवा असेल तर राजाकडे परत मागायचा. तोवर पोर्तुगालात राजाच राहिला नाही. त्या शेवटच्या काळात राजा किताब सढळ हातानं वाटायचा म्हणतात.”

“आपल्याकडे समाजभूषण वाटतात तसे,” मी म्हणालो.

हे शेवटचं बोलणं भावानं ऐकलंच नाही. तो फोटो घेऊन कधीच अंगणाबाहेर पडला होता. दिवस मावळायच्या आत अर्ध्या गावाला कळलं की माजी सरपंचाची पुतणी राजघराण्यात पडणार. मी त्याला गाठून समजावलं. “भाऊ, तो किताब संपला आहे.”

“संपला म्हनजे माजी झाला,” भाऊ म्हणाला. “माजी काय कमी असते का?”

त्याच्या जन्मात त्यानं संपलेलं पद पाहिलंच नव्हतं. आणि माझ्या पोटात एक स्वार्थही होता. कालपर्यंत ‘जित्तेपनी नाई’ म्हणणारा माणूस आता म्हणत होता, “येऊ दे त्या राणीसाहेबाले मागनी घालाले. पायतो मी.” पोरीच्या लग्नाचं घोडं गंगेत न्हायला निघालं होतं. मी एकदा खरं सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायला माझी जीभ उचलेना.

राणीसाहेब म्हणजे पोराच्या आत्याबाई. त्या भाच्याला घेऊन यायचं ठरलं, त्यांच्या आधी दोन दिवस पोरगी येऊन पोचली, आणि भाऊ गोरेगावच्या फ्लेक्सवाल्याकडे गेला. मला बरोबर नेलं, कारण मी कलावंत. नेलं नसतं तर बरं झालं असतं. दगडाचा फोटो पडद्यावर आला आणि भावानं एकेक सुधारणा सांगायला सुरुवात केली.

“सिंह कायले? आपल्या इकडे सिंह पायला का कोनी? वाघ टाक. नागझिऱ्याच्या जंगलातला टाक.”

सिंहाचा वाघ झाला. मागच्या पायांवर उभा राहणारा वाघ फ्लेक्सवाल्याकडे नव्हता, म्हणून चालणारा वाघच त्यानं उभा करून बसवला. तो झाडावर चढताना घसरल्यासारखा दिसत होता.

“बुरूज राहू दे. आपल्या पान्याच्या टाकीवानी दिसते.” गावातली टाकी भावाच्या मुदतीत बांधलेली, त्यामुळे बुरुजाला धक्का लागला नाही. वेलबुट्टीच्या जागी धानाच्या लोंब्या आल्या. लोखंडी टोपाच्या जागी फेटा आला. मग भावाची नजर मुकुटावर गेली.

“मोती बारके दिसून राहिले. चार-सहा वाढव.”

“भाऊ, मोती वाढवले तर विश्कोंदाचा काउंट होतो,” मी म्हणालो.

“होऊ दे ना. पोरीच्या सासरचं हाय, कंजूसी कायले?”

इतकं सगळं मी गिळलं. पण फ्लेक्सवाल्यानं हिरव्या ढालीवर लाल वाघ बसवला तेव्हा माझं टाळकं सरकलं. रंगावर रंग. मी म्हणालो, ढाल पिवळी कर. तो म्हणाला, “सर, ग्रीन में रिच लगता है.” मी म्हणालो, तुझ्या बारशाला जेवलोय मी, रिच मला शिकवतोस? तो म्हणाला, सर, माझं बारसं बालाघाटला झालं. माझ्या पोरीचा जन्म पणाला लागलेला, आणि मी हिरव्यावरच्या लाल वाघासाठी परक्या माणसाशी हमरीतुमरीवर आलो. भावानं हात धरून मला बाहेर काढलं आणि चहा पाजला. फ्लेक्स हिरवाच राहिला.

तो आमच्या गोरेगावच्या एसटी स्टँडसमोर लागला, बाजाराच्या दिवशी. वर ढाल, खाली ‘पोर्तुगाल राजदरबारचे विश्कोंद घराणे, राणीसाहेबांचे सहर्ष स्वागत’, आणि ढालीपेक्षा मोठा भावाचा फोटो, गॉगल घातलेला. खाली ‘स्वागतोत्सुक’. भाजी घेणारे लोक थांबून पाहायचे आणि विचारायचे, ह्यात राणीसाहेब कोणत्या?

आत्याबाई आल्या त्या दिवशी आम्ही गाडी करून गोंदियाच्या स्टेशनवर गेलो. एवढ्या लांबच्या प्रवासानं त्यांचा गुडघा सुजला होता. बारक्या चणीच्या, सुती फ्रॉक, पांढरे केस आखूड कापलेले, हातात काठी. भाऊ राणी शोधत डब्याच्या पुढे निघून गेला, त्याला परत बोलावावं लागलं. त्यांना मराठी कळत होतं, बोलताना मात्र निम्मी कोंकणी यायची. भावाचं ‘काऊन’ आणि त्यांचं ‘कित्याक’, दोन्हींचा अर्थ ‘का’, पहिल्या दहा मिनिटांतच एकमेकांच्या ओळखीचं झालं.

गोरेगावच्या स्टँडशी भावानं मुद्दाम गाडी थांबवली. आत्याबाईंनी काच खाली केली आणि फ्लेक्सकडे पाहत राहिल्या. वाघ पाहिला, फेटा पाहिला, ओठ हलवत मोती मोजले. मला वाटलं, आता ह्या बाई म्हणणार, आमच्या घराण्याची थट्टा मांडली काय, आणि गाडी परत स्टेशनला वळवायला सांगणार. पोरगा खाली मान घालून बसला होता.

“हिरव्यावर तांबडो?” त्या म्हणाल्या.

“मी सांगितलं होतं,” मी म्हणालो. “माझं कुणी ऐकत नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि काच वर केली. भाऊ खुशीत होता. त्याला वाटलं, पसंत पडलं.

गावात आमच्या अंगणात मांडव घातलेला. तालुक्यातले झाडून सगळे माजी हजर. सत्कारासाठी भावानं निवेदक बोलावला होता. लग्न असो, दिवाळीनंतरच्या मंडईची जत्रा असो, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असो, आमच्या भागात माइक ह्याच माणसाच्या हातात. त्याच्या तोंडून कुणीही साधा माणूस म्हणून बाहेर पडत नाही. त्यानं आत्याबाईंना शाल-श्रीफळ द्यायला भावाला बोलावलं, आणि ‘पोर्तुगालच्या महाराणी’ म्हणून त्यांची ओळख करून दिली. टाळ्या झाल्या. मग त्यांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती.

आत्याबाईंनी माइक हातात घेतला. मास्तरीण होत्या, घाबरल्या नाहीत.

“म्हाका राणी म्हणूं नाकात,” त्या म्हणाल्या. पुढचं त्या अर्ध्या मराठीत, अर्ध्या कोंकणीत बोलल्या, ते मी आपल्या मराठीत सांगतो. “राजानं किताब दोन माणसांना दिला. माझ्या पणजोबांना आणि आजोबांना. आजोबा वारले तेव्हा किताब संपला. माझे वडील शाळेत मास्तर होते, मीही मास्तरीण. आमच्यापैकी कुणी एक दिवससुद्धा विश्कोंद नव्हतं. मी तुमच्या मुलीला मागायला आले, ते एक मास्तरीण म्हणून.”

आमच्या लोकांनी माइकवर पद घेणारी माणसं आयुष्यभर पाहिली होती, माइकवर पद परत करणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होते. मागून कुणीतरी विचारलं, “मंग ते घरावरची ढाल कायले ठेवली, बाई?”

“तो दगड काढला तर भिंत पडते,” आत्याबाई म्हणाल्या.

त्यावर जो हशा झाला तो बराच वेळ थांबेना. एक माजी संचालक, ज्याचं आणि भावाचं जुनं वाकडं, मोठ्यानं म्हणाला, “नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.” भाऊ शाल हातात घेऊन तसाच उभा होता. त्यानं ती खुर्चीवर ठेवली आणि घराच्या मागे परसात निघून गेला. निवेदकानं लगेच सगळ्यांना जेवायला बसवलं. पोरगी सैपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा मला पाहवला नाही. मनात आलं, आता झालं. आता हा माणूस पुन्हा ‘जित्तेपनी नाई’वर जाणार, आणि ह्या खेपेला ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही.

लोक जेवून पांगले तरी भाऊ आत आला नाही. मी आणि पोरगी परसाच्या दाराशी जाऊन थांबलो. तो चुलीपुढे बसला होता. सकाळी चोरखमाऱ्याच्या तलावावरून त्यानं स्वतः मासोळ्या आणल्या होत्या, खास घरच्या पाहुण्यांसाठी, आणि त्या तो स्वतःच रांधत होता. कितीही रागावला तरी मासोळी करपू देणारा माणूस नव्हे तो. तेवढ्यात काठी टेकत आत्याबाई आल्या. वासावरच आल्या असणार. त्यांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून पोरीनं खुर्ची नेऊन ठेवली आणि परत माझ्याजवळ आली.

“आंबट काय घातलंत?” आत्याबाईंनी विचारलं.

“चिच,” भाऊ चुलीकडे पाहतच म्हणाला.

“आम्ही सोलां घालतो. कोकमाची.”

“तुमी भातच खाता का मासोळीसंगं?”

“दुसरं काय खाणार?”

भावानं पहिल्यांदा मान वर केली. थाळीत भात घेतला, वर रस्सा आणि एक काटेरी मासोळी घातली, आणि त्यांच्या हातात दिली. आमच्याकडे माणूस पारखायची ही एक रीत आहे. काटेरी मासोळी पुढे ठेवायची आणि बघायचं. उतावळा माणूस काटा गिळतो, भित्रा माणूस मासोळीच टाकतो. आत्याबाईंनी बोलणं बंद केलं, बोटांनी सावकाश कणा सोडवला, काटे थाळीच्या कडेला ओळीनं लावले, आणि डोकंसुद्धा चोखून ठेवलं. भाऊ ते सगळं पाहत होता.

जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही रागावलात. कित्याक?”

“राग नाई आला बाई. लाज आली. लोकाइले काय सांगू आता?”

“सांगा, माजी विश्कोंद. तुमच्याकडे माजी चालतं म्हणे. तुमचे राजे तुम्हाला पाच वर्षं देतात आणि तुम्ही जन्मभर वापरता. आम्हाला हे सुचलंच नाही.”

भाऊ हसला. मग त्यानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“लोकाइचं मरू द्या,” तो म्हणाला. “खरं सांगू का? वावर नाई, जात नाई, ते सारं बोलाचं होतं. पोरगी एवढ्या दूर जाऊन राहिली ना. मोठ्या घरी गेली म्हटलं असतं तर मनाले समजावता आलं असतं. राजाचं घर हाय, जाऊ दे, असं. आता काय समजावू? आता ते नुसतीच दूर जाऊन राहिली.”

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीनं तोंडावर ओढणी धरली. इतकी वर्षं मी त्याच्या एका ताटात जेवलो, पण हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मलाही वाटत होतं की त्याला मानपानच पाहिजे.

आत्याबाईंनी त्याला समजावलं वगैरे नाही. त्या म्हणाल्या, “दूर तर आहेच. मला आज कळलं किती. गुडघा अजून दुखतो.” मग म्हणाल्या, “तुम्ही या. वर्षातून कितीदाही या. मासे आमच्याकडे रोज असतात.”

“कोकमाचे?”

“कोकमाचे.”

“चिच मी घेऊन येईन,” भाऊ म्हणाला. आणि पोरीला हाक मारून सांगितलं, “बाईले अजून एक मासोळी वाढ. आणि त्या पोट्ट्याले बोलाव, उपाशी कायले ठेवला?” हाच त्याचा होकार होता. माझी बायको चुलीशी येऊन उगाचच रडून गेली.

लग्न आमच्याच अंगणात झालं. रजिस्टर आधी गोंदियाला, मग इथे अक्षता, आणि चर्चमधलं तिकडे गेल्यावर. मांडवाच्या दारी तोच फ्लेक्स लावला, कारण दुसरा करायला भाऊ तयार नव्हता. फक्त ‘विश्कोंद’च्या आधी त्यानं मला ब्रशनं ‘माजी’ लिहायला लावलं. मी ते पांढऱ्यानं, हिरव्यावर, चांगलं मोठं लिहिलं. माझ्या हातून निदान एक तरी शब्द कायद्याप्रमाणे झाला. निवेदकानंही पाहुण्यांची ओळख ‘माजी विश्कोंद घराणे’ अशीच करून दिली, आणि आत्याबाई काठी उंचावून पहिल्या रांगेत माजी लोकांमध्ये बसल्या. माजी संचालकानं सरकून त्यांना जागा दिली.

संध्याकाळी बिदाईची वेळ झाली. गाडी दाराशी लागली. पोरगी माझ्या गळ्यात पडली, आईच्या पडली, सगळ्या बायकांच्या पडली. आता घरातल्या मोठ्यानं तिचा हात जावयाच्या हातात द्यायचा आणि गाडी सुटायची. निवेदकानं माइक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात पुकारलं, “आपल्या गावचे माजी सरपंच, त्यांना विनंती करतो की त्यांनी समोर यावं.”

भाऊ उठला नाही.

निवेदकाला वाटलं, आवाज पोचला नाही. त्यानं परत पुकारलं, मान्यवर, लोकप्रिय, विकासपुरुष, सगळं जोडून. भाऊ खुर्चीत तसाच, दोन्ही हात मांड्यांवर. मांडवातले लोक वळून वळून त्याच्याकडे पाहायला लागले. पुकारल्यावर तो उठला नाही असं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. मी पुढे निघालो, पण माझ्या आधी आत्याबाई काठी टेकत त्याच्यापाशी पोचल्या.

“उठात,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमकां आपयतात, बोलावतात.”

“आयकू आलं बाई,” भाऊ म्हणाला. “पन उठलो का पोरगी गेली.”

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि दुखरा पाय लांब करून त्याच्या बाजूला बसल्या. निवेदकानं माइक खाली केला. गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं. आम्ही सगळे उभेच राहिलो, आणि कुणीही त्याला परत पुकारलं नाही.